बंद झालेल्या गोळीमुळे झालेला रक्तस्राव: एक प्रकरण

श्रावणातला दुसरा सोमवार. महिला मेडिसिन वॉर्डात सकाळचा राउंड सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी लॅबमधून फोन आला. अकरा नंबरच्या खाटेवरच्या मावशींचा आयएनआर ११.४ होता.

रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे मोजणारा हा आकडा निरोगी माणसात १ च्या आसपास असतो. हृदयातली मायट्रल झडप काढून तिथे धातूची झडप बसवलेल्या रुग्णात आपण तो मुद्दाम २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतो, कारण त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी बसते आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. ५ च्या वर गेला की रक्तस्रावाची भीती वाटू लागते. ११ हा आकडा पाहिल्यावर मी हातातला चहा तसाच ठेवला आणि थेट खाटेकडे गेले.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी साधारण तीनशे खाटांच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की यात कुणी चुकीची गोळी दिली नव्हती. डोस चुकीचा नव्हता, रुग्णाने गोळी चुकवलीही नव्हती. तरीही ती मरणाच्या दारात पोहोचली. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

केसपेपर काय सांगत होता

मावशी ४६ वर्षांच्या, वजन ४७ किलो. घरची दोन एकर जमीन, हंगामात दुसऱ्यांच्या उसात कामाला जातात. लहानपणी सांध्यांचा ताप, त्यातून झडप खराब झालेली. अकरा वर्षांपूर्वी पुण्यात शस्त्रक्रिया होऊन धातूची मायट्रल झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी ॲसिनोकूमारॉलची गोळी, जिला आमच्याकडचे सगळे रुग्ण ‘ॲसिट्रॉम’ म्हणूनच ओळखतात. सोबत लघवीची गोळी आणि ठोके आटोक्यात ठेवणारी मेटोप्रोलॉल.

रविवारी रात्री कॅज्युअल्टीत आल्या तेव्हाची नोंद होती: चार-पाच दिवस कंबरदुखी, लघवीला जळजळ, लघवी लालसर. ‘टीबीचे उपचार चालू, रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारंगी.’ लघवीच्या संसर्गाचा संशय, सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक सुरू. रात्रीच्या रेसिडेंट डॉक्टरांनी छातीवरचा शस्त्रक्रियेचा व्रण पाहून पहाटेच्या नमुन्यात आयएनआर घालून ठेवला. त्यांनी तो घातला नसता, तर पुढचा दिवस कसा गेला असता याचा विचार मला आजही करवत नाही.

केसपेपर वाचताना मला एक गोष्ट जुळेना. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध ॲसिट्रॉमचा परिणाम कमी करतं, म्हणजे आयएनआर खाली ओढतं. आमच्याच संगणकातल्या जुन्या नोंदी काढल्या, त्यातही तेच दिसत होतं. दहा वर्षं या बाई रोज २ मिलिग्रॅमवर २.६ ते ३.१ मध्ये स्थिर होत्या. संक्रांतीच्या सुमारास टीबीचे उपचार सुरू झाले आणि चार आठवड्यांत आयएनआर १.२ वर आला. मग ओपीडीत ३, ४ असं करत एप्रिलपर्यंत डोस ६ मिलिग्रॅमवर नेला, तेव्हा कुठे तो २.७ झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात २.८.

म्हणजे रिफॅम्पिसिन खरंच चालू असेल, तर ११.४ येण्याचं कारण नाही.

नमुना चुकला असेल? शक्य होतं. आयएनआरची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर त्यातल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं प्रमाण जास्त होतं आणि आकडा खोटाच वाढून येतो. सिस्टरांना दुसरा नमुना घ्यायला सांगितलं आणि नळी भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. टीबीच्या औषधांनी यकृताला इजा झाली असेल? आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, रिफॅम्पिसिन ही तिन्ही यकृतावर ताण आणणारी औषधं आहेत आणि यकृत बिघडलं की गोठण्याचे घटकच तयार होत नाहीत. पण रात्रीचा बिलिरुबिन ०.८, एसजीपीटी ३८. यकृत ठीक होतं. मग गोळ्याच जास्त घेतल्या गेल्या असतील का?

पिशवी

औषधांचा इतिहास घेणं हे माझ्या कामातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम. रुग्ण घरी नक्की काय घेतो याची यादी करायची आणि ती वॉर्डातल्या चार्टशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. यादी कधीच एका जागी नसते. थोडी जुन्या फाइलमध्ये, थोडी सुनेच्या मोबाइलमधल्या फोटोंत, थोडी मेडिकलच्या बिलावर आणि उरलेली पिशवीत.

मावशींच्या मुलाने कापडी पिशवी खाटेवर रिकामी केली. ॲसिट्रॉमच्या ४ मिलिग्रॅमच्या आणि २ मिलिग्रॅमच्या पट्ट्या, दोन्ही मिळून रोज ६. बिलावरची तारीख पाहिली, उरलेल्या गोळ्या मोजल्या. हिशेब गोळीला गोळी जुळला. बाई वक्तशीर होत्या. रोज रात्री आठला, देवापुढे दिवा लावला की गोळी.

त्या पिशवीत टीबीच्या औषधाचं एकही पाकीट नव्हतं.

“मावशी, टीबीच्या गोळ्या कुठायत?”

“त्या झाल्या की. आषाढी एकादशीच्या आदल्या दिशी शेवटची घेतली. आशाताई म्हणाली, कोर्स पुरा झाला, आता नको.”

“मग लघवी लाल कधीपासून?”

“ती तर पहिल्यापासनंच. गोळ्या चालू झाल्या तवाच ताईनं सांगितलं होतं, लाल होती, घाबरायचं न्हाई. मधी पंधरा-वीस दिस चांगली झाली, आन् परत लाल. म्हनलं औषध अंगात ऱ्हायलं असंल.”

हे ऐकलं आणि सगळं चित्र जागेवर बसलं.

रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम, अश्रू नारंगी-तांबडे होतात, हे खरं आहे आणि आरोग्य कार्यकर्ते ते आवर्जून सांगतात, कारण न सांगितल्यास रुग्ण घाबरून औषध सोडतो. पण तो रंग शेवटच्या गोळीनंतर एक-दोन दिवसांत जातो. गोळ्या बंद होऊन जवळजवळ महिना झाला होता. आता जे लाल होतं ते रक्त होतं. सहा महिने ‘लाल म्हणजे ठीक’ असं मनाशी पक्कं केलेल्या बाईने ते आठ दिवस अंगावर काढलं होतं, आणि ‘टीबीचे उपचार चालू’ ही जूनच्या ओपीडी पेपरवरची ओळ कॅज्युअल्टीत जशीच्या तशी उतरवली गेल्यामुळे आमच्याकडेही तोच समज पुढे चालत आला.

पिशवीच्या तळाशी आणखी एक पट्टी निघाली, अर्धी संपलेली. को-ट्रायमॉक्सॅझोल, सल्फाचं प्रतिजैविक. गावातल्या डॉक्टरांनी लघवीच्या त्रासासाठी दिलेली. “आन् कंबरंसाठी सुई बी दिली,” सून म्हणाली. मी विचारलं, कुठे? तिने उजव्या कुल्ह्याकडे बोट दाखवलं. सिस्टरांनी पडदा ओढून पाहिलं तर तळहाताएवढा काळानिळा, टणक फुगवटा होता. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं स्नायूत दिलेलं इंजेक्शन. रक्त इतकं पातळ असताना सुईने स्नायूत केलेल्या छिद्रातून रक्त झिरपत राहिलं होतं. कंबरदुखी त्यानंतर वाढली ती यामुळेच.

त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्यासमोर जळजळीची तक्रार घेऊन आलेली बाई होती आणि तिने झडपेचा उल्लेख केला नव्हता. कुणी विचारल्याशिवाय अकरा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन कोण सांगतं?

यकृतात काय घडलं

यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम, शरीरातली बरीच औषधं मोडून बाहेर टाकतात. ॲसिनोकूमारॉल मोडणारं मुख्य विकर सायटोक्रोम कुटुंबातलं, सीवायपी २सी९. रिफॅम्पिसिन यकृतातल्या पेशींना ही विकरं जास्त बनवायला लावतं. आठवड्या-दोन आठवड्यांत कारखाना पूर्ण जोमाने चालू लागतो. मग रक्त पातळ करणारी गोळी शरीरात पोहोचते न पोहोचते तोच मोडली जाते, आणि तोच परिणाम साधायला दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त डोस लागतो. मावशींना बरोबर तिप्पट लागला.

रिफॅम्पिसिन स्वतः रक्तातून काही तासांत निघून जातं. पण वाढलेली विकरं त्याच दिवशी नाहीशी होत नाहीत. ती झिजत झिजत मूळ पातळीला यायला साधारण दोन ते चार आठवडे घेतात. या काळात डोस तोच राहिला, तर औषधाचा परिणाम रोज थोडा थोडा वाढत जातो. पहिल्या आठवड्यात काही कळतही नाही.

मावशींच्या मुलाला हे समजावताना मी त्याच्याच कामातलं उदाहरण दिलं. उसाचा हंगाम वाढला म्हणून कारखान्याने जादा टोळ्या आणल्या. रोजचा तिप्पट ऊस येतोय आणि तिप्पट तोडला जातोय, फडात काही साचत नाही. मग एक एक करून टोळ्या गावाला निघून गेल्या, पण ऊस तेवढाच येत राहिला. तो लगेच म्हणाला, “म्हंजे आता साचनारच.” त्यानंतर त्याला काही सांगावं लागलं नाही.

यावर को-ट्रायमॉक्सॅझोलची भर पडली. त्यातलं सल्फामेथॉक्सॅझोल नेमकं त्याच सीवायपी २सी९ ला अडवतं. म्हणजे टोळ्या आधीच निघून गेलेल्या, आणि उरलेल्या मजुरांचे हातही बांधले. तिसरी गोष्ट श्रावणाची. सोमवार, शनिवार उपास. जेवणात साबुदाणा, वरी, बटाटा. एरवी रोज ताटात असणारी मेथी, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. भाजी कमी झाली की आयएनआर वर सरकतो. या तिसऱ्या कारणाचं वजन मी कमी धरते, पण रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला श्रावण लागण्याआधी उपासाबद्दल विचारलंच पाहिजे असं माझं मत आहे. ‘पालेभाजी खाऊ नका’ हा सल्ला मी कधी देत नाही. रोज सारखीच खा, एवढंच सांगते.

राउंडवर

नऊ चाळीसला दुसऱ्या नमुन्याचा अहवाल आला: ११.१. चूक नव्हती. हिमोग्लोबिन ९.२, जूनमध्ये ११.६ होतं. प्लेटलेट ठीक, क्रिएटिनिन १.१. रक्तदाब ११०/७०, नाडी ९६. लघवीत लाल पेशी मोजता येणार नाहीत इतक्या, पू-पेशी जवळजवळ नाहीत. म्हणजे संसर्गाचा पुरावा कच्चाच.

चार्टवर रेसिडेंटने तोवर लिहून ठेवलं होतं: इंजेक्शन व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून, रोज, तीन दिवस. वॉर्डातली ही जुनी सवय आहे. इतर अनेक रुग्णांत ती चालूनही जाते.

इथे माझं बोलणं गरजेचं होतं. १० मिलिग्रॅम तीन दिवस दिलं असतं तर आयएनआर १ वर आला असता आणि शरीरात साठलेल्या व्हिटॅमिन के मुळे पुढचे आठ-दहा दिवस किंवा त्याहूनही जास्त काळ ॲसिट्रॉमला दाद दिली नसती. धातूच्या मायट्रल झडपेला हा काळ फार धोक्याचा. एका टोकाला रक्तस्राव, दुसऱ्या टोकाला अडकलेली झडप. मी युनिटप्रमुख सरांना वॉर्डाच्या दाराशीच गाठलं आणि तीन वाक्यांत मांडलं: रिफॅम्पिसिन महिन्यापूर्वी बंद झालंय, डोस तिप्पटच राहिलाय, वर सल्फा पडलंय. झडप मायट्रल आणि धातूची आहे. थोडं व्हिटॅमिन के तोंडाने देऊन आयएनआर उतरू देऊ, पाडू नको.

सरांनी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. दहा मिनिटं चर्चा झाली. हृदयरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न रास्त होता: कुल्ह्यातलं रक्त वाढतंय का? सोनोग्राफीत गाठ मर्यादित दिसली, पोटात रक्त नव्हतं. ठरलं असं: ॲसिट्रॉम थांबवायचं, व्हिटॅमिन के-१ फक्त २ मिलिग्रॅम तोंडाने, दर सहा तासांनी हिमोग्लोबिन, संध्याकाळी पुन्हा आयएनआर. रक्तदाब घसरला किंवा हिमोग्लोबिन एकाने खाली गेलं, तर गोठण घटकांचं इंजेक्शन, आणि त्याची सोय ब्लड बँकेकडे आधीच सांगून ठेवायची. प्लाझ्माच्या पिशव्या लगेच चढवायच्या नाहीत, कारण झडपेच्या रुग्णाच्या हृदयावर तेवढं पाणी नको. हे निर्णय या एका रुग्णासाठी, वॉर्डात डोळ्यांसमोर असताना घेतलेले आहेत. आकडे वाचून कुणी घरी स्वतःचे डोस बदलू नयेत.

निर्णय डॉक्टरांचा असतो आणि तो त्यांचाच असावा. माझं काम आहे त्या क्षणी औषधांबद्दलची सगळी माहिती टेबलावर असणं, आणि निर्णयानंतर तो प्रत्यक्षात नीट उतरणं.

तो कसा उतरतो, हे या दोन मिलिग्रॅममध्ये दिसलं. वॉर्डाच्या औषधाच्या ट्रेमध्ये ‘व्हिटॅमिन के’ म्हणून दोन प्रकारच्या ॲम्प्यूल होत्या. एकीवर फायटोमेनाडायोन, म्हणजे के-१. दुसरीवर मेनाडायोन, म्हणजे के-३. बोलताना दोन्ही ‘व्हिटॅमिन के’च. पण ॲसिट्रॉम किंवा तिच्याच जातीच्या वॉरफरिनचा परिणाम उलटवायला के-३ उपयोगी पडत नाही. ती दिली असती तर चार्टवर टिक झाली असती आणि आयएनआर जिथल्या तिथे राहिला असता. मी तपकिरी काचेची के-१ ची ॲम्प्यूल उचलून सिस्टरांच्या हाती दिली आणि दोघींनी मिळून लेबल मोठ्याने वाचलं. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमला ०.२ मिलिलिटर. पाच मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तेवढं अचूक मोजता येत नाही, म्हणून एक मिलिलिटरची बारीक सिरिंज घेतली. सुई काढली, फुलपात्रात दोन घोट पाणी, त्यात औषध. मावशींनी ते पिऊन तोंड वाकडं केलं आणि विचारलं, “एवढुसं? येवढ्यानं रगत थांबंल?”

के-३ च्या ॲम्प्यूल त्याच दुपारी त्या ट्रेमधून उचलून वेगळ्या जागी, वेगळ्या लेबलाखाली ठेवल्या.

सेफ्ट्रिॲक्सोनचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या सहकाऱ्याकडे गेला. तो आमच्याकडे प्रतिजैविकांच्या वापरावर लक्ष ठेवतो, रोज सकाळी संवर्धनाचे (कल्चरचे) अहवाल हातात घेऊन वॉर्ड फिरतो. त्याचं म्हणणं होतं की ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, लघवीत पू नाही. शिवाय काही प्रतिजैविकं आतड्यातले व्हिटॅमिन के बनवणारे जंतू मारून आयएनआर आणखी वाढवतात. दोन्ही प्रतिजैविकं बंद झाली. दोन दिवसांनी संवर्धन निर्जंतुक आलं.

आम्ही कोण आणि इथे का

दुपारी मावशींच्या मुलाने मला सरळ विचारलं, “मॅडम, तुम्ही डॉक्टर का मेडिकलवाल्या?” प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे फार्मासिस्ट म्हटलं की काउंटर आणि त्यामागचा माणूस डोळ्यांसमोर येतो. रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहणारा फार्मासिस्ट ही कल्पना तशी नवी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात १९६६ मध्ये नवव्या मजल्यावर फार्मासिस्टना प्रयोग म्हणून वॉर्डात बसवलं, तिथून या कामाला आकार आला. आपल्या देशात म्हैसूर आणि उटीच्या महाविद्यालयांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. २००८ पासून फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण रुग्णालयात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाचं समुपदेशन आणि औषधोपचाराचा आढावा ही फार्मासिस्टची कामं म्हणून लिहिली गेली. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात बहुतेक जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत वॉर्डात एकही क्लिनिकल फार्मासिस्ट नसतो, आणि या गोष्टीची मला मनापासून चीड येते, कारण मावशींसारखे रुग्ण याच रुग्णालयांत येतात.

मोठ्या रुग्णालयांत या कामाच्या शाखा पडतात. कोणी केवळ कर्करोगाच्या औषधांचे डोस तपासतं, कोणी अतिदक्षता विभागात मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णाचे डोस रोज नव्याने बसवतं, कोणी प्रत्यारोपणाच्या, कोणी नवजात बाळांच्या वॉर्डात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं वेगळं क्लिनिक चालवणारे फार्मासिस्टही असतात. आमच्याकडे चौघांत सगळं वाटलेलं. माझ्याकडे मेडिसिन, हृदयरोग आणि आठवड्यातून एकदा आयएनआरची ओपीडी.

आणि इथेच मला एक गोष्ट लिहायची आहे, जी या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची आहे. फेब्रुवारीतल्या त्या ओपीडीची नोंद माझ्याच हातची होती. मी लिहिलं होतं: ‘रिफॅम्पिसिन सुरू. डोस वाढवावा लागेल. दर आठवड्याला आयएनआर.’ ते योग्य होतं आणि त्याप्रमाणे झालंही. पण रिफॅम्पिसिन बंद होईल तेव्हा काय करायचं, हे त्या नोंदीत कुठेच नव्हतं. कोर्स सहा महिन्यांचा असतो, शेवटची तारीख त्याच दिवशी माहीत होती. पुढचा आयएनआर ‘दोन महिन्यांनी’ असं जूनच्या पेपरवर लिहिलं गेलं. नेमके ते दोन महिनेच घातक ठरले.

टीबीची औषधं राष्ट्रीय कार्यक्रमातून, गावातल्या आशाताईंच्या हातून मिळतात. ४७ किलोच्या रुग्णाला पहिले दोन महिने चार आणि पुढे तीन औषधांच्या एकत्रित अशा रोज तीन गोळ्या, म्हणजे रिफॅम्पिसिन ४५० मिलिग्रॅम. आमच्या रुग्णालयाच्या फार्मसीतून त्या कधी जातच नाहीत, म्हणून आमच्या संगणकाला त्या सुरू झाल्याचं कळत नाही आणि संपल्याचंही. आशाताईंनी त्यांचं काम चोख केलं, १६८ डोस पुरे करून घेतले. हृदयाच्या ओपीडीने त्यांचं काम केलं. दोन्ही पिशव्या एकत्र पाहायचं काम माझं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा एका उपचारव्यवस्थेतून दुसरीकडे जाताना होणाऱ्या चुका हा तिच्या तीन मुख्य मुद्द्यांपैकी एक होता. मी ते विद्यार्थ्यांना शिकवतेही.

पुढचे आठ दिवस

सोमवारी संध्याकाळी आयएनआर ७.६. मंगळवारी सकाळी ४.८, हिमोग्लोबिन ८.९ वर थांबलेलं. लघवीचा रंग मंगळवारी दुपारी फिकट झाला. बुधवारी सकाळी आयएनआर ३.१ आणि लघवी स्वच्छ.

आता गोळी सुरू करायची, पण किती? ६ अर्थातच नाही. रेसिडेंटने विचारलं, मध्ये ४ वर थांबूया का? मी नको म्हटलं. बंद होऊन महिना झाला होता, यकृत जवळजवळ मूळ स्थितीत आलेलं असणार, आणि दहा वर्षं जो डोस लागू पडला होता तोच आता खरा. बुधवारी रात्री दिवेलागणीला २ मिलिग्रॅम सुरू झाली. शुक्रवारी आयएनआर २.३ पर्यंत उतरला आणि माझी घालमेल झाली. २ च्या खाली गेला असता तर रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिनचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलेलंच होतं. तशी वेळ आली नाही. झडपेचा टिक् टिक् आवाज स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येत होता, रोज राउंडला हृदयरोगतज्ज्ञ आधी तो ऐकायचे. रविवारी २.६. सोमवारी, म्हणजे बरोबर आठव्या दिवशी, घरी.

जाण्याआधी अर्धा तास आम्ही बसलो: मावशी, मुलगा, सून. ४ मिलिग्रॅमच्या उरलेल्या गोळ्या मी मागून घेतल्या, घरात राहिल्या तर कधी ना कधी तोंडात जातातच. आयएनआरच्या पिवळ्या कार्डावर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘धातूची झडप. स्नायूत इंजेक्शन देऊ नये. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच, तेही विचारून.’ सुनेला सांगितलं, मावशी कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी दातांच्या डॉक्टरांकडेही गेल्या, तर बोलायच्या आधी हे कार्ड टेबलावर ठेवायचं.

“आणि लघवी लाल झाली तर?” मी विचारलं.

“आता लाल म्हंजे लालच,” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्या दिशी हितं.”

“दुसऱ्या दिवशी नाही मावशी, त्याच दिवशी.”

प्रकरणाची नोंद संशयित औषध-दुष्परिणामाच्या फॉर्मवर भरून आमच्या केंद्रामार्फत राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवली. हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक रुग्णांनाही वापरता येतो. परस्परक्रियेची शक्यता ठरवताना आम्ही ‘संभाव्य’ असं लिहिलं, ‘निश्चित’ नाही, कारण तीन कारणं एकत्र आली होती आणि कुठल्या कारणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

त्याच आठवड्यात आयएनआर ओपीडीच्या नोंदवहीत एक नवा रकाना आखला: ‘डोस कशामुळे बदलला, आणि ते कारण कधी संपणार.’ रिफॅम्पिसिनवर असलेल्या रुग्णाच्या कार्डावर कोर्सची शेवटची तारीख, आणि तिच्यापुढे दर आठवड्याच्या आयएनआरच्या सहा तारखा आधीच लिहिलेल्या. तालुक्याच्या टीबी पर्यवेक्षकांना फोन करून विनंती केली की झडपेचे किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणारे रुग्ण असतील तर कोर्स संपायच्या आधी आम्हाला कळवा. त्यांनी पहिल्याच फोनवर दोन नावं सांगितली. त्यातल्या एकाचा कोर्स पुढच्या गुरुवारी संपणार होता.

इतिहास घेताना आता मी एक प्रश्न वाढवला आहे. ‘कोणती औषधं घेता?’ हे झाल्यावर विचारते, ‘गेल्या दोन महिन्यांत कोणतं औषध बंद झालं?’ बहुतेक जण क्षणभर थांबतात, छताकडे बघतात आणि मग काहीतरी आठवतं. फिटची गोळी कुणी परस्पर सोडलेली असते, बुरशीवरची कॅप्सूल संपलेली असते, कुणी तंबाखू किंवा दारू सोडलेली असते.

मावशी दर महिन्याला येतात. २ मिलिग्रॅमवर शेवटचा आयएनआर २.९. परवा आल्या तेव्हा पिशवीतून कार्ड आधी काढून टेबलावर ठेवलं, आणि मग शेवग्याच्या पाल्याची एक जुडी.